संसदेत आपला प्रश्न कसा पोहोचवायचा: नाशिककरांसाठी वाटाड्या

कांद्याची निर्यात बंद झाली की नाशिक जिल्ह्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: "खासदारांनी संसदेत आवाज उठवला पाहिजे." मागणी रास्त आहे. पण आवाज उठवायचा म्हणजे काय करायचं, कोणत्या नियमाखाली, कोणत्या मंत्र्यासमोर, कोणत्या तारखेच्या आत, हे मागणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर समोरच्याला "मांडतो की" म्हणून वेळ मारून नेता येते. म्हणून हा लेख. नवमतदार, शेतकरी गटात निवेदन लिहिण्याचं काम ज्यांच्या अंगावर येऊन पडलं आहे अशी मुलंमुली, परीक्षेपुरतं संविधान वाचून विसरलेली मंडळी, यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. उदाहरण बहुतेक ठिकाणी कांद्याचंच घेतलंय. केंद्र, राज्य, कायदा, अधिसूचना, पैसा हे सगळे धागे त्या एका पिकात येऊन मिळतात.

आधी आपला खासदार कोण ते पाहा

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत आणि ते लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागले आहेत. सिन्नर, इगतपुरी, देवळाली आणि नाशिक शहरातले पूर्व, मध्य, पश्चिम हे सहा नाशिक लोकसभेत येतात. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी हे सहा दिंडोरी लोकसभेत. उरलेले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण धुळे लोकसभेत. म्हणजे सटाण्याच्या शेतकऱ्याने नाशिकच्या खासदारांकडे खेटे घालण्यात अर्थ नाही, त्याचे खासदार धुळ्याचे. २०२४ मध्ये नाशिकमधून राजाभाऊ वाजे, दिंडोरीतून भास्कर भगरे आणि धुळ्यातून शोभा बच्छाव निवडून आल्या.

दुसरं सभागृह राज्यसभा. तिथे महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत आणि त्या आपल्या आमदारांच्या मतांवर भरल्या जातात. सदस्याची मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, सभागृह कधीच विसर्जित होत नाही. हे १९ सदस्य अख्ख्या राज्याचे प्रतिनिधी असतात. तुमचे लोकसभेचे खासदार दाद देत नसतील तर या १९ पैकी कोणाकडेही तुम्ही हक्काने जाऊ शकता. ही वाट फार कमी लोक वापरतात.

लोकसभेत निवडून आलेले ५४३ सदस्य बसतात, त्यांपैकी ४८ महाराष्ट्राचे. राज्यसभेत २४५, त्यांतले १२ राष्ट्रपतींनी नेमलेले. राष्ट्रपती आणि ही दोन सभागृहं मिळून संसद होते. मंत्रिमंडळ संसदेतूनच उभं राहतं आणि लोकसभेला जबाबदार असतं. सदस्य नसलेल्या माणसालाही मंत्री करता येतं, फक्त सहा महिन्यांच्या आत त्याने कोणत्या तरी सभागृहाचं सदस्य व्हायला हवं. नाशिकच्या जुन्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही: १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत नाशिकनेच त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं.

एक गोष्ट इथेच बाजूला काढून ठेवू. खासदार निधी म्हणजे संसदेचं काम नव्हे. वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामं खासदार सुचवतात आणि जिल्हा प्रशासन ती मंजूर करून घेतं. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट याच मोजपट्टीने खासदार मोजला गेला, तर ज्या कामासाठी आपण त्यांना दिल्लीला पाठवतो ते काम कोणी विचारतही नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न संसदेचा आहे का?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची आणि सामाईक. निवेदन लिहायला बसण्याआधी आपला विषय कोणत्या यादीत बसतो ते बघायचं.

शेती, बाजार समित्या, पोलीस, पाणीपुरवठा हे राज्याचे विषय. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात लिलाव कसा व्हावा, आडत कोणाकडून घ्यावी, पैसे किती दिवसांत मिळावेत, याची तक्रार विधानसभेच्या वाटेची. परदेश व्यापार, सीमाशुल्क, रेल्वे, संरक्षण, चलन हे केंद्राचे. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, ओझरचा विमान कारखाना, देवळालीचं कॅन्टोन्मेंट, रेल्वे स्टेशन, यांच्याबद्दल संसदेत थेट विचारता येतं. देवळाली कॅन्टोन्मेंटचा कारभार तर संसदेने केलेल्या २००६ च्या कायद्यावरच चालतो, त्यामुळे तिथल्या रहिवाशांचे बरेचसे प्रश्न महापालिकेपेक्षा संरक्षण मंत्रालयाकडे जातात.

याद्या पाहूनही थांबायचं नाही. केंद्राचा विषय असला तरी पुढचा प्रश्न उरतो: कोणतं मंत्रालय? कांद्यावरची निर्यातबंदी वाणिज्य मंत्रालयाची. निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचं. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत होणारी बफर साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाची. पीक विमा कृषी मंत्रालयाचा. मालगाडीचे रेक रेल्वेचे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल देवळालीहूनच दानापूरला सुटली होती, तिच्याबद्दल विचारायचं तरी मंत्रालय रेल्वेच. एकाच निवेदनात हे पाचही विषय कोंबले की ते एकाही टेबलावर नीट बसत नाही. प्रत्येकाचं पत्र वेगळं करा.

कायदा कुठे संपतो, अधिसूचना कुठे सुरू होते

इथे जरा थांबू. बहुतेक गैरसमज याच जागी होतात.

निर्यातबंदीचा निर्णय संसद मतदान करून घेत नाही. परदेश व्यापाराबाबत संसदेने १९९२ मध्ये एक कायदा केला आणि आयात-निर्यातीवर बंधनं घालण्याचा अधिकार त्यातून सरकारला दिला. तो अधिकार वापरून विदेश व्यापार महासंचालनालय एक अधिसूचना काढतं आणि रातोरात बंदी लागू होते. शुल्काचंही तसंच, तिथे सीमाशुल्काचा १९६२ चा कायदा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी आली, ४ मे २०२४ ला बंदी उठून ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. या सगळ्या प्रवासात कोणत्याही टप्प्यावर सभागृहात त्यासाठी विधेयक आलेलं नाही.

त्याहून बोलका प्रसंग २०२० चा. त्या वर्षी ५ जूनला सरकारने जीवनावश्यक वस्तू कायदा बदलणारा वटहुकूम काढला. कांदा-बटाट्यासारख्या मालावर साठ्याची मर्यादा अपवादात्मक परिस्थितीतच घालता येईल, आणि फळं-भाजीपाल्यासाठी ती भाव दुप्पट झाले तरच, असं त्यात होतं. कांदा मुक्त झाला अशी चर्चा गावोगाव झाली. मग १४ सप्टेंबर २०२० ला संसदेचं पावसाळी अधिवेशन सुरू झालं आणि त्याच दिवशी कांद्याची निर्यात बंद केल्याची अधिसूचना निघाली. दुसऱ्याच दिवशी, १५ सप्टेंबरला, लोकसभेने तो जीवनावश्यक वस्तूंचा बदल मंजूर केला. एकाच आठवड्यात एक दार उघडलं आणि दुसरं बंद झालं, कारण ती दोन वेगळ्या कायद्यांची दारं होती. त्यात करोनामुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द केलेला होता. लेखी उत्तरं मिळत होती, पण मंत्र्याला उभं करून तोंडी विचारण्याची सोय नव्हती.

याच गोष्टीतून वटहुकुमाचा नियमही कळतो. संसद बसलेली नसताना राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात, पण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संसदेने मान्यता दिली नाही तर तो संपतो. म्हणून सप्टेंबरमध्ये घाईने विधेयकं आली. पुढे शेतकरी आंदोलन झालं आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी एका दिवसात, चर्चेविना, २०२० चे तिन्ही कृषी कायदे (जीवनावश्यक वस्तूंचा बदल त्यांतलाच एक) मागे घेणारं विधेयक मंजूर केलं. केलेला कायदा मोडणं हाही संसदेचाच अधिकार.

मग अधिसूचनेवर संसदेचा काहीच ताबा नाही का? आहे. सीमाशुल्कासारख्या कायद्यांखालच्या अधिसूचना दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवाव्या लागतात आणि सभागृह त्यांत बदल करू शकतं किंवा त्या रद्दही ठरवू शकतं. सरकारने कायद्याने दिलेल्या मर्यादेबाहेर जाऊन नियम केले आहेत का, हे पाहायला दोन्ही सभागृहांच्या उपविधान समित्या असतात. तरी प्रत्यक्षात सर्वात उपयोगी पडतो तो साधा प्रश्न.

व्हीप मतदानाला लागतो, प्रश्नाला लागत नाही

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षाने व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश, काढला आणि खासदाराने त्याविरुद्ध मत दिलं किंवा तो गैरहजर राहिला, तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तरच वाचतं. एका मताची किंमत किती असते ते १७ एप्रिल १९९९ ला दिसलं. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला. त्यामुळे पक्ष मतांच्या बाबतीत ढिलाई ठेवत नाहीत. "तुमच्या पक्षाविरुद्ध मत द्या" असं निवेदन देणं म्हणजे खासदारांना खासदारकी सोडायला सांगणं.

पण प्रश्न विचारायला व्हीप नाही. शून्य प्रहरात बोलायला नाही, समितीत अधिकाऱ्याला धारेवर धरायला नाही, याचिका सादर करायला नाही. सत्ताधारी पक्षाचा खासदारसुद्धा स्वतःच्या सरकारला अडचणीचा प्रश्न विचारू शकतो, आणि विचारतातही. आपली मागणी या मोकळ्या जागेकडे वळवायची. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

दिवस कसा चालतो

लोकसभा सकाळी ११ वाजता बसते. ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास. राज्यसभेत तो दुपारी १२ ते १ असतो. सभागृह भरायला एकदशांश सदस्य लागतात, म्हणजे लोकसभेत ५५.

प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत येतात, त्यांतले मोजकेच वेळेत पुरे होतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, दिवसाला २३० पर्यंत. कोणाचा प्रश्न घ्यायचा हे सोडतीवर ठरतं. सामान्यपणे १५ पूर्ण दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि आठवड्यातला प्रत्येक दिवस ठरावीक मंत्रालयांचा असतो.

बारा वाजता पटलावर कागद ठेवले जातात आणि शून्य प्रहर येतो. तातडीचा विषय दोन-तीन मिनिटांत मांडायची ही जागा. टीव्हीवर, मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक इथले. पण शून्य प्रहरातल्या भाषणाला उत्तर देण्याचं बंधन सरकारवर नाही, हे विसरू नका. त्यामानाने लोकसभेतला नियम ३७७ कमी गाजतो आणि जास्त कामाचा आहे. खासदार ठरावीक शब्दांत मजकूर देतात, आठवड्याला एक विषय, आणि मंत्रालयाकडून नंतर लेखी उत्तर येतं. लक्षवेधी सूचना आली तर मंत्र्याला सभागृहात निवेदन करावं लागतं. स्थगन प्रस्ताव आणि अविश्वास ठराव ही मोठी हत्यारं, दोन्ही फक्त लोकसभेत, दोन्हींना ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. जिल्ह्याच्या प्रश्नासाठी ती मागू नयेत.

आता १५ दिवसांच्या नोटिशीचा हिशेब कांद्याच्या हंगामाला लावून बघा. वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी जानेवारीअखेर ते एप्रिल, पावसाळी जुलै-ऑगस्टच्या सुमारास, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो तेव्हा संसद बंद व्हायला आलेली असते. तोच कांदा चाळीत असताना पावसाळी अधिवेशन येतं, म्हणून साठा, बफर खरेदी, चाळीचं अनुदान हे विषय जूनमध्येच खासदारांच्या हातात पडले पाहिजेत. लाल कांदा बाजारात असताना हिवाळी अधिवेशन असतं. २०२३ ची बंदी ८ डिसेंबरला आली आणि अधिवेशन ४ ला सुरू होऊन २१ ला संपलं. बंदी आल्यावर कागद लिहायला बसलेल्याला तारांकित प्रश्नाची वेळ उरलीच नव्हती. शून्य प्रहर, नियम ३७७ आणि लक्षवेधी एवढंच शिल्लक होतं. त्यातही त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले, आणि निलंबित सदस्याला त्या काळात प्रश्न विचारता येत नाही. म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच कागद तयार हवा, संकट येण्याची वाट पाहत बसायचं नाही.

प्रश्न लिहायचा कसा

"शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय?" असा प्रश्न लिहून नेलात तर तो बाद होण्याचीच शक्यता जास्त. प्रश्नात मत नसावं, युक्तिवाद नसावा, कोर्टात चालू असलेला विषय नसावा, राज्याच्या अखत्यारीतला नसावा, आणि लोकसभेत तो १५० शब्दांपेक्षा लांब नसावा. हवी ती माहिती मागायची. असा:

"वाणिज्य व उद्योग मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय:
(अ) गेल्या तीन वर्षांत कांद्याच्या निर्यातीवर बंदी किंवा किमान निर्यात मूल्य यांसारखी बंधने किती वेळा घातली, त्यांचा तारीखवार तपशील काय;
(ब) प्रत्येक निर्णयापूर्वी उत्पादक शेतकरी व बाजार समित्यांशी चर्चा केली होती काय; असल्यास, तिचा तपशील व नसल्यास, त्याची कारणे काय;
(क) या काळातील निर्यातीचे महिनावार प्रमाण किती, आणि
(ड) असा निर्णय लागू करण्यापूर्वी आगाऊ सूचना देण्याची पद्धत ठरवण्याचा सरकारचा विचार आहे काय, असल्यास, केव्हापर्यंत?"

यातला (अ) आणि (क) आकडे आणतो, आणि ते आकडे पुढे तुम्ही वर्षभर वापरू शकता. (ब) मध्ये "असल्यास" आणि "नसल्यास" दोन्ही ठेवले आहेत, म्हणजे नुसतं "नाही" म्हणून सुटता येत नाही. (ड) सरकारकडून एक वाक्य वदवून घेतो. शुल्काबद्दल यात एक शब्दही नाही, कारण तो अर्थमंत्र्यांचा विषय. त्यासाठी वेगळा प्रश्न. आमच्याकडच्या तरुण मंडळींना मी नेहमी सांगतो, भावना पत्रात लिहा, प्रश्नात तारखा मागा.

हा मसुदा खासदारांच्या कार्यालयात द्यायचा, सोबत एका पानात पार्श्वभूमी. जिल्ह्यात पडलेले भाव, चाळीत सडलेला माल, व्यापाऱ्यांच्या पावत्या, जे हाताशी असेल ते. पूरक प्रश्न विचारण्याची वेळ आली तर खासदारांना त्याच पानाचा आधार असतो. "शक्य असेल तर तारांकित, नाही तर अतारांकित" असं स्पष्ट लिहा. अतारांकितला कमी समजू नका. सोडतीत ते लागण्याची शक्यता जास्त आणि उत्तरात तक्ते जास्त.

उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर, संसद डॉट इन वर, हिंदी आणि इंग्रजीत मिळतं. खासदाराचं नाव, मंत्रालय किंवा तारीख टाकून शोधता येतं. कामकाज संसद टीव्हीवर थेट दिसतं आणि झालेल्या चर्चांचा शब्दशः वृत्तांतही मिळतो. उत्तरात "माहिती गोळा करण्यात येत आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असं वाक्य आलं तर निराश होऊ नका, उलट ते अधोरेखित करा. ते आश्वासन धरलं जातं. शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते आणि तीन महिन्यांत ते पूर्ण होणं अपेक्षित असतं. तीन महिन्यांनी खासदारांना त्या आश्वासनाची तारीख देऊन पुन्हा पत्र लिहायचं.

विधेयक आणि पैसा

विधेयक आधी मांडलं जातं, मग सर्वसाधारण चर्चा, मग कलमवार विचार आणि दुरुस्त्या, मग मंजुरी. दुसऱ्या सभागृहातही हेच सगळं. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर कायदा होतो. दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते. आजवर ती तीनदाच झाली, १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये. घटनादुरुस्तीला संयुक्त बैठक नाही. तिथे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं.

मतदान बहुतेक वेळा आवाजी होतं. "होय"वाले जिंकले असं अध्यक्ष सांगतात आणि काम पुढे सरकतं. अशा वेळी तुमच्या खासदारांनी काय मत दिलं याची कुठेही नोंद राहत नाही. नोंद हवी असेल तर मतविभागणी मागावी लागते. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत दोन शेतीविषयक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली, मतविभागणीची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला तो याचसाठी. महत्त्वाच्या विधेयकावर "मतविभागणी मागा" अशी विनंती मतदार म्हणून आपण खासदारांना जरूर करू शकतो.

पैशाच्या बाबतीत लोकसभेचं पारडं जड आहे. धन विधेयक लोकसभेतच मांडलं जातं, राज्यसभेला १४ दिवसांत शिफारशींसह परत करावं लागतं आणि शिफारशी मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. संसदेने विनियोजन कायदा केल्याशिवाय संचित निधीतून एक रुपया काढता येत नाही. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो, मध्ये सुट्टी असते, त्या सुट्टीत विभागवार समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात, मग मतदान. वेळ अपुरा पडला की शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मंजूर होतात, त्याला गिलोटिन म्हणतात. देशाच्या खर्चाचा मोठा भाग असा चर्चेविना जातो, हे मला तरी संसदेच्या कामकाजातलं सर्वात मोठं वैगुण्य वाटतं. नाशिक-पुणे रेल्वेसारख्या प्रकल्पाला यंदा काय मिळालं हे बघायचं असेल तर भाषणात शोधू नका, रेल्वेच्या पिंक बुकमध्ये, म्हणजे कोणत्या कामाला किती पैसे हे सांगणाऱ्या पुस्तिकेत, मध्य रेल्वेची पानं काढा.

समित्या

खरं बारकाईचं काम इथे होतं. विभागवार स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री त्यांचे सदस्य होऊ शकत नाहीत. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरे नसतात, त्यामुळे सदस्य पक्ष बाजूला ठेवून सचिवांना प्रश्न विचारताना दिसतात. अहवाल मात्र जाहीर होतो आणि शिफारशींवर काय केलं हे सरकारला कळवावं लागतं. सरकारी खर्चावरचा कॅगचा अहवाल लोकलेखा समितीकडे जातो. तिचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे.

तुमचे खासदार कोणत्या समितीवर आहेत ते संकेतस्थळावर बघा. ते वाणिज्य किंवा ग्राहक व्यवहार समितीवर नसतील तर महाराष्ट्रातलं कोण आहे ते शोधा आणि त्यांना लिहा. एखादं विधेयक समितीकडे गेलं की जनतेकडून सूचना मागवल्याची जाहिरात निघते आणि मुदत बहुधा थोडी असते. अशी सूचना वकिलानेच लिहावी असं काही नाही. कोणत्या कलमातल्या कोणत्या शब्दाने काय अडचण होईल एवढं उदाहरणासह लिहिलं तरी ते वाचलं जातं.

याचिका

प्रश्न, शून्य प्रहर, समिती सगळं करून झालं आणि विषय तसाच पडून राहिला, तर नागरिकांनी थेट सभागृहाला याचिका देण्याची सोय आहे. लोकसभेची याचिका समिती १५ सदस्यांची असते, राज्यसभेची १० जणांची. मांडलेल्या विधेयकावर, सभागृहापुढच्या विषयावर किंवा सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर याचिका करता येते. कोर्टाच्या कक्षेतला किंवा राज्य विधिमंडळाने बघायचा विषय चालत नाही, आणि कायद्याने दाद मागायची दुसरी सोय असेल तर तीही आधी वापरावी लागते.

लिहिताना काळजी घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत पण पक्क्या आहेत. याचिका सभागृहाला उद्देशून असते, मंत्र्याला नव्हे. भाषा संयत. शेवटी नेमकी मागणी. मराठीत लिहिता येते, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद द्यावा लागतो आणि त्यावरही याचिकाकर्त्याची सही लागते. नाव, पत्ता, सही, लिहिता येत नसेल तर अंगठा. सह्या कितीही गोळा केल्यात तरी ज्या पानावर याचिकेचा मजकूर आहे त्या पानावर निदान एक सही हवी. सगळ्या सह्या वेगळ्या कागदांवर असतील तर ती अडकते. सोबत पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं जोडायची नाहीत, जे सांगायचं ते मजकुरातच. मग एखाद्या खासदाराची प्रतिस्वाक्षरी घ्यायची. ते तुमच्याच मतदारसंघाचे असले पाहिजेत असं नाही. नमुना लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांच्या पहिल्या अनुसूचीत छापलेला आहे, तो समोर ठेवूनच लिहायला बसा.